जाहिराती पुसणारी जाऊ

माझी धाकटी जाऊ कुणाली लोकांच्या जाहिराती पुसून पैसे कमावते आणि मी लोकांच्या जाहिराती बनवून. दोघी एकाच घरात राहतो, एकाच शेगडीवर स्वयंपाक करतो. तिचं काम ऐकलं की पाहुणे म्हणतात, "अरे वा, घरबसल्या?" माझं ऐकलं की म्हणतात, "बरं झालं, आमच्या नातवाच्या बारशाचा बॅनर स्वस्तात करून द्या." हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे बोलेन ते कुठून येतंय ते कळेल. मला तिचा हेवा वाटतो. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे, फक्त तिला नाही. किंवा तिलाही ठाऊक असेल आणि ती दाखवत नसेल, आणि तसं असेल तर ते आणखीच वाईट.

आमचं घर किन्हवलीला. मी सरिता, थोरली सून. शहापूरला वाल्मिकशेठचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे, तिथे संगणकावर बॅनर बनवते. या घरात माउस हातात धरणारी पहिली मी. वाढदिवस, निवड, सत्कार, श्रद्धांजली, सगळं माझ्या हाताखालून जातं. कुणाचा फोटो मोठा, कुणाचा बारीक, कुणाच्या डोक्यामागे सूर्य आणि कुणाच्या मागे नुसता भगवा रंग, हे मला झोपेतही सांगता येईल. शहापूरच्या बातम्या देणारी एक वेबसाइट आहे, तिच्यावर वाढदिवसाचे बॅनर लावायची जागाही वाल्मिकशेठच विकतात. दिवसभर एकच ऐकते, "ताई, माझा फोटो जरा वर घ्या ना." मी घेते. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची माझी सवय कधीच मोडली.

कुणाली मुरबाडची, टोकावड्याकडची. बाप टेम्पो चालवायचा, हिला मात्र कॉलेजात कॉम्प्युटर शिकवलं. आम्ही बघायला गेलो तेव्हा पोह्यांची ताटली ठेवून तिने विचारलं, "तुमच्याकडे नेटवर्क चांगलं येतं ना?" माझ्या सासूबाईंनी, बाईजाबाईंनी, ही गोष्ट गावभर कौतुकाने सांगितली. मी माझ्या वेळी असलं काही विचारलं असतं तर त्यांनी पोहे तसेच ठेवून चपला घातल्या असत्या.

लग्नानंतर ती घरीच होती. माझा दीर स्वरूप पडघ्याच्या एका गोदामात कामाला, तो सकाळी जायचा आणि ही लॅपटॉप उघडून बसायची. त्या दिवसांत सासूबाईंना मोबाईलवर भजनं ऐकायचा नाद लागला होता. भजनांची एक वेबसाइट होती, पण तिच्यावर भजनाच्या वर रमीची जाहिरात, खाली कर्जाची, आणि मध्येच एखादी अर्ध्या कपड्यांतली बाई. सासूबाई मोबाईल पालथा घालून भजन ऐकायच्या. मला ते बघून हसू यायचं. कुणालीला हसू आलं नाही, तिने त्यावर इलाज केला.

एक्स्टेंशन म्हणतात त्याला. ज्यातून आपण इंटरनेट बघतो त्या ब्राउझरला एक छोटासा जोड द्यायचा, तो वेबसाइट उघडता उघडता जाहिराती काढून टाकतो. परदेशातली अशी पुष्कळ आहेत, पण त्यांना मराठी साइट कुठल्या, निकालाच्या पानावर डाउनलोडचं खरं बटण कुठलं आणि फसवं कुठलं, हे कसं कळणार? हिला कळत होतं. तिने एकेक साइट उघडून बघितली आणि सगळ्यांवर चालेल असं बनवलं. नाव ठेवलं चाळण. सासूबाईंनी मोबाईल सुलटा केला.

तिने चाळण सगळ्यांना फुकट दिली. पानाच्या तळाशी एवढंच लिहिलं की आवडली तर जमेल तसे पैसे पाठवा. मी मनात म्हटलं, पाठवतायत लोक. तर लोकांनी खरंच पाठवले. पुण्याचे, बंगलोरचे, अमेरिकेत बसलेले मराठी. मग काही क्लासवाले आणि वाचनालयं आली, त्यांना मुलांसाठी जास्त कडक चाळण हवी होती, त्यासाठी ते दर महिन्याला पैसे देऊ लागले. घरात इन्व्हर्टर आला. लाइट गेली तरी पंखा फिरत राहायचा आणि सासूबाई म्हणायच्या, "कुणालीचा वारा." गॅसची शेगडी माझ्या पगारातून आली होती. तिला कुणी सरिताचा जाळ म्हटलेलं मला आठवत नाही.

आणि आमच्या गावाने काय करावं? आपल्या सुनेने केलंय म्हणून प्रत्येकाने ती चाळण लावून घेतली. किन्हवलीपासून आटगावपर्यंतच्या पोरांच्या मोबाईलमध्ये, दुकानांच्या संगणकांत, सगळीकडे. ज्यांना ब्राउझर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं ते स्वरूपला धरून म्हणायचे, "आपली चाळण टाकून दे रे." कशाला हवी हे कुणी विचारलं नाही.

मग एका कंपनीचा मेल आला. कर्ज देणाऱ्या ॲपांच्या जाहिराती करणारी कुठलीतरी कंपनी. म्हणणं एवढंच की चाळण चालू द्या, फक्त आमच्या जाहिराती तेवढ्या सोडा, आम्ही दर महिन्याला पैसे देऊ. स्वरूपने मेल वाचला आणि त्याचा चेहरा उजळला. कुणालीने भाकरी थापता थापता सांगितलं, "नाय." स्वरूपने पुन्हा विचारलं तर म्हणाली, "सूट दिली तर ती चाळण कसली?" आणि तव्यावरची भाकरी उलटली.

त्या दिवशी माझ्या पोटात खरं दुखलं. पैसे येत होते तेव्हा इतकं दुखलं नव्हतं. पैसे काय, कुणालाही येतात. पण नाही म्हणणं? मी दिवसभर वाकून, सगळ्यांचे फोटो वर घेऊन घरी यायचं आणि हिने शेगडीपुढे उभं राहून कंपनीला नाही म्हणायचं? तेव्हापासून मला एकच हवं होतं. हिने एकदा तरी कुणासाठी तरी सूट द्यावी. एकदा वाकावं. मग ती माझ्यासारखीच, आणि मग मला तिचं काही वाटणार नाही.

संधी आली ती गणूतात्यांच्या वाढदिवसाला. गणूतात्या आमचे चुलत सासरे, ग्रामपंचायतीला उभे राहायच्या तयारीत होते. त्यांचा बॅनर मी जीव ओतून केला होता. मध्ये तात्या, बाजूने सगळे भाऊबंद मानाप्रमाणे लहानमोठे, एकाचीही तक्रार येणार नाही असे. त्या बातम्यांच्या साइटवर तो सगळ्यात वर लागणार होता. सकाळी भाऊबंद आमच्या ओटीवर जमले, कुणालीचा लॅपटॉप टीव्हीला जोडला, साइट उघडली. जिथे तात्या असायला हवे होते तिथे पांढरं.

"काय गो सरिता, तात्या कुठं हाय?" सासूबाईंनी विचारलं.

मला काय ते लगेच समजलं आणि अंगाचा तिळपापड झाला. माझं काम माझ्याच घरात पुसलं गेलं होतं. कुणालीलाही समजलं होतं. ती शांतपणे म्हणाली, "चाळणीनं काढला. पैसे देऊन लावलेलं चित्र असलं की ती काढते." तिने चाळण बंद केली आणि पान पुन्हा उघडलं. तात्या दिसले. पण त्यांच्या फेट्याला लागूनच रमी खेळणारी एक बाई डोळा मारत होती आणि पायाशी कर्जाची पाटी. पोरं खी खी करायला लागली.

तात्या म्हणाले, "माझा ठेव. तिला काढ."

"तसं नाय होत, तात्या."

"का नाय होत? तुझंच हाय ना ते?"

"आज तुमचा ठेवला, तर उद्या कर्जवाल्याला कुठल्या तोंडानं नाय म्हणू?"

"म्हंजे मी आन तो कर्जवाला एकच झालो काय?" तात्यांचा आवाज चढला. कुणाली खाली बघून म्हणाली, "तुमी तात्याच. पण चित्र जाहिरातीचंच हाय." तात्या पेढा न घेता उठले आणि त्यांच्यामागून भाऊबंद.

त्यानंतरचे दिवस मला फार गोड गेले, खोटं कशाला बोलू. स्वरूप तिच्याशी तुटक वागायचा. सासूबाई पंख्याखाली बसायच्या पण वाऱ्याचं नाव काढत नव्हत्या. गावात जो तो आपापला बॅनर मोबाईलवर शोधायला लागला, आणि चाळणीमुळे तो दिसत नाही हे कळल्यावर आपली सून एकाएकी परकी झाली. चाळण काढून टाकायला मात्र कुणी तयार नव्हतं, रमीवाली बाई पुन्हा कुणाला हवी? प्रत्येकाला आपला तेवढा फोटो हवा होता. मी सगळ्यांना म्हणायचे, "ती कुणाचं ऐकत नाही हो," आणि वर तोंडदेखला उसासा टाकायचे.

पण ती आग माझ्याच दुकानापर्यंत आली. गिऱ्हाइकं वाल्मिकशेठना म्हणायला लागली, दिसत नाही तर साइटवर बॅनर लावू कशाला? एका दुपारी शेठने मला समोर बसवलं. "सरिता, भूत तुझ्याच घरातलं हाय. साइटचं काम गेलं तर डिझाइनला वेगळं माणूस ठेवणं मला परवडायचं नाय. गणपतीपर्यंत बघ काय होतं ते."

एसटीत बसल्यावर मी ठरवलं, तिच्यापुढे जायचं. नोकरीची भीती होतीच. पण त्याहून जास्त मला बघायचं होतं. नाही म्हणाली, तर सख्ख्या जावेच्या पोटावर पाय देणारी म्हणून गावाला कळेल. हो म्हणाली, तर वाकली. दोन्हीकडून माझंच साधणार होतं.

ती मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी वाक्यं जुळवून आले होते, घरचं मोठेपण, संसार, शेखरची तब्येत. शेखर म्हणजे माझा नवरा. त्याच्या तब्येतीला काहीही झालेलं नव्हतं. पहिल्याच वाक्यात तिने मला थांबवलं.

"वाल्मिकशेठ खरंच काढतील तुमाला?"

"काढतील."

"मग देते सूट."

सुपातला एक खडा उचलून तिने बाजूला टाकला. मी उभीच. मला आनंद व्हायला हवा होता, पण राग आला. "मग तात्यांना का नाय म्हणालीस?"

"तात्यांचा फोटो नाय दिसला तर तात्यांचं काय जातं, ताई? तुमचं काम जाईल."

तिने सूट दिली ती दिलीच, वर चाळणीच्या पानावर सगळ्यांना दिसेल असं लिहूनही टाकलं. शहापूरच्या एका साइटवरचे वाढदिवसाचे बॅनर चाळण यापुढे अडवणार नाही. माझी थोरली जाऊ ते बनवते आणि तिची नोकरी त्यावर आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी चाळण खुशाल काढावी. मी म्हटलं, "लिहायची काय गरज? कोण बघतंय?" ती म्हणाली, "लोकांनी विश्वासानं लावलीय."

त्या लोकांनी ते वाचलं आणि सोडलं नाही. विकली गेली, घराणेशाही, आज जाऊ उद्या दीर, काय वाटेल ते लिहिलं. पैसे पाठवणारे कमी झाले. कडक चाळण घेणाऱ्या वाचनालयांनी एकामागून एक हात काढून घेतला, त्यांना अजिबात सूट नसलेलीच हवी होती. कर्जवाल्या कंपनीचा पुन्हा मेल आला, आता सूट सुरू केलीच आहे तर आम्हालाही द्या. तिने पुन्हा नाही कळवलं. गणूतात्या पेढे घेऊन आले, आपल्या शब्दाला मान दिला असं त्यांना वाटलं होतं. तिने त्यांच्या पाया पडून पेढा घेतला आणि त्यांना तसंच वाटू दिलं.

माझी नोकरी राहिली. साइटवर बॅनर दिसतात, गिऱ्हाइकं खूश आहेत, शेठ माझ्यासाठीही चहा मागवतात. चाळण अजून चालते, पण तिच्यावर घर चालत नाही. कुणाली आता शहापूरला एका क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकवायला जाते. माझीच एसटी, माझ्याच शेजारची सीट. मला तिला जिथे आणायचं होतं तिथे ती बरोबर येऊन बसली आहे.

आणि तरी जळफळाट संपलेला नाही, उलट वाढलाय. पैसे, इन्व्हर्टर, सासूबाईंचं कौतुक, यांचा हेवा करणं सोपं होतं. आता खिडकीशी बसून मी आठवत राहते की कुणासाठी असं काही सोडायची वेळ आली असती तर मी काय सोडलं असतं, आणि मला एकही गोष्ट सुचत नाही. ती शेजारी बसून क्लासच्या पोरांचे पेपर तपासत असते, मध्येच विचारते, "ताई, आज डब्यात काय दिलंत?" एकदा जरी म्हणाली असती, "तुमच्यामुळे झालं हे," तर मी चांगली कडाकडा भांडले असते आणि मोकळी झाले असते. ती तेवढंही देत नाही.