जयपालची टी-शर्टची तोफ

जयपाल मगदूम माझ्या शेजारचा वेल्डर. मंगळवार पेठेत आमची दुकानं भिंतीला भिंत लागून आहेत. तीस वर्षं झाली, त्याचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. उगाच सभ्यपणाचा आव कशाला आणू? मी दोन तासांत उरकतो ते काम हा माणूस दोन दिवस घोळवतो, आणि गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याच दारात.

यंदा आमच्या पेठेतल्या तालमीचा फुटबॉल संघ फायनलला गेला. प्रेक्षकांत टी-शर्ट उडवायला हवेच्या दाबावरची तोफ हवी होती. मी म्हटलं, प्लॅस्टिकच्या पाइपची संध्याकाळपर्यंत देतो. काम मिळालं जयपालला.

"हवेच्या दाबानं प्लॅस्टिक फुटलं की सुऱ्या उडत्यात," तो म्हणाला.

त्यानं ट्रकच्या ब्रेकची हवेची नवी लोखंडी टाकी आणली. आधी पाणी भरून, दाब देऊन तपासली. जादा हवा आपोआप सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवला. तोफेचं तोंड माणसांकडं झुकूच नये म्हणून खाली लोखंडी पट्टी वेल्ड केली. आठ दिवस लावले, तरी पेठेत त्याचंच कौतुक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी तालमीसमोर चाचणी होती. जयपाल जैन, दिवस मावळायच्या आत जेवतो. तो डबा घेऊन तालमीच्या वरच्या मजल्यावर जेवायला गेला आणि मी कॉम्प्रेसर चालू केला. हवा जास्त भरायची, शर्ट कुणाच्या तरी कौलांवर जाईल, चारचौघांत त्याची शोभा होईल, एवढंच डोक्यात होतं.

टाकीवरचा दाबाचा काटा लाल रेघेवर गेला आणि व्हॉल्व्ह किंचाळला. मी मागच्या मागं पडलो. जयपाल उष्ट्या हातानं धावत खाली आला.

"लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाय."

त्यानं काटा बघितला, मग मला बघितलं. "उदय, व्हॉल्व्ह तुझ्यासाठीच बसवलाय. तू जास्त भरणार, म्हाईत हुतं की मला. आणि भरताना टाकीवर वाकून बसणार, ते बी म्हाईत हुतं."

कुणाला काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मैदानावर तोफेचा खटका त्यानं माझ्याच हातात दिला. शर्ट थेट गॅलरीत पडले, पोरं माझ्या नावानं ओरडली. जयपाल मात्र काट्यावर नजर ठेवून माझ्या शेजारी उभा होता.

माझा हेवा गेला असं वाटत असेल तर साफ चूक. आता जास्तच जळतो. त्याच्या जागी मी असतो, तर तो व्हॉल्व्ह बसवला नसता.