टाकीची जागा

गोव्याला घटकराज्य मिळालं त्या सुमारास आमच्या कोरगावच्या घरी संडास बांधायचं ठरलं. बेळगावकडच्या गवंड्याने घरामागच्या परड्यातली खालच्या अंगाची मऊ माती पसंत केली. वडिलांनी मात्र टाकी आणि शोषखड्डा, दोन्ही वरच्या कातळातच खोदायला लावलं. सगळे सांगून थकले, वडील ढिम्म हलले नाहीत.

खोदकाम चाललं तेव्हा आई काठाशी उभी असायची. माझ्याआधी तिला मुलगी झाली होती, ती बारशापर्यंतही जगली नाही. तान्ह्या मुलांना आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. बाळंतिणीने बाहेर पडायचं नव्हतं, म्हणून वडील एकटेच मुलीला परड्यात घेऊन गेले. जागा त्यांनी आईला कधी दाखवलीच नाही. आता वर येणारी प्रत्येक पाटी आई हाताने चाचपून बघायची. निव्वळ दगड निघाला.

मला तर ती न पाहिलेली बहीण परड्यात सगळीकडेच असायची. लहानपणी झाडाखाली लघवीला बसायचीही माझी छाती होत नसे.

कातळात पाणी कुठलं मुरायला? दर पावसाळ्यात शोषखड्डा तुंबायचा आणि टाकीच्या झाकणाच्या फटीतून काळं पाणी वर यायचं. नेमके चतुर्थीला पाहुणे आले की सगळ्यांच्या नाकाला पदर! म्हापशाहून टँकर मागवून टाकी उपसायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी वडिलांच्या नावाने बोटं मोडायचो. झाकण उघडलं की आई गुपचूप मागे येऊन आत डोकावायची. तिच्या त्या डोकावण्याची मला भीती वाटायची, अजून वाटते.

एकदा टँकर गेल्यावर माझा तोल सुटला. वडील पायरीवर बसले होते, आई झाकणावर पाणी ओतत होती. मी ओरडलो, "ह्यो कातळच कित्याक व्हयो होतो तुमका?"

 वडील आईकडे न बघता म्हणाले, "पावस होतो. तिका खंय पुरलंय ता माका याद नाय. मगे सगळां परडां हुडकलंय. कातळात पुरूंक नाय, तितक्याच खरां म्हायत होतां."

पोरीच्या अंगावर घाण जाऊ नये, एवढ्यासाठी ती जागा होती. मला रडूच आलं.

आई खालच्या वाफ्यांकडे बघत राहिली. मिरची, भेंडी, अळू. तिथे दर वर्षी तीच खणायची.

"मगे मी इतकी वर्सां खंय खंय कुदळ मारलंय?"