परतीच्या डब्यातली भाकरी

एकाहत्तर सालच्या जूनमध्ये मी नगरच्या कॉलेजात निघालो, तेव्हा राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावाने मारुतीच्या पारावर मला हार घातला. सायन्सला जाणारा गावातला मी पहिलाच. हार घालून घेताना मी मान अशी ताठ धरली होती, की आता डॉक्टर होऊनच खाली करीन. ती तिसऱ्या दिवशीच खाली गेली.

वर्गात हजेरी चालू होती. सर आकडा पुकारायचे आणि पोरं ‘येस सर’ म्हणायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी खोलीवर त्याचा सरावसुद्धा केला होता. पण माझा आकडा आला आणि तोंडातून निघालं, ‘व्हय’. तेही बांधापलीकडच्या माणसाला ओ द्यावी एवढ्या मोठ्याने. वर्ग हसला, सरही हसले. त्या दिवसापासून माझं सहादेव हे नाव फक्त कॉलेजच्या कागदावर उरलं.

मला ‘व्हय’ म्हणायला सुरुवात केली अलीमने. तो जामखेडचा, माळीवाड्यात माझ्या शेजारच्याच खोलीत राहायचा. त्याची भाषा माझ्यापेक्षा फार शुद्ध होती अशातला भाग नाही, पण त्याला ‘येस सर’ वेळेवर आठवलं होतं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं आणि मग हळूहळू सगळ्यांशीच टाकलं. वर्गात शिकवणं इंग्रजीत चालायचं आणि हसणं तेवढं मराठीत. महिनाभरात माझं ठरलं, इथे राहायचं नाही. श्रीरामपूरच्या कॉलेजात नाव घालायचं आणि घरून जाऊन-येऊन शिकायचं. कॉलेज बदलायचं तर ऑगस्ट संपायच्या आत बदलायला हवं होतं.

अडचण होती ती त्या हाराची. पोरगं पळून आलं, असं गावाने म्हणायला नको होतं. आईबापांनी बोलावून घेतलं, असं म्हणायला हवं होतं. म्हणजे मला इथे करमत नाही हे घरी कळायला पाहिजे, पण मी ते सांगता कामा नये. असल्या कामाला डोकं लागतं, आणि ते आपल्याकडे आहे असा माझा समज होता.

माझा डबा रोज सकाळच्या एसटीने गावाहून यायचा. कंडक्टर खाजाभाई तो स्टँडवर माझ्या हातात द्यायचे आणि आदल्या दिवशीचा घेऊन जायचे. निघताना आईने बजावलं होतं, “डबा रिकामा धाडू नगंस. चिमूटभर साखर टाक, न्हाईतर चार शेंगदाणं टाक. रिकामं भांडं माघारी देऊ नये.” मी रोज नेमाने साखर टाकायचो. मग एके दिवशी मला युक्ती सुचली. चारांपैकी एक भाकरी मी साखरेऐवजी तशीच परत धाडली. पोराला अन्न जात नाही, पोर खंगत चाललंय, हे आईला न सांगता कळेल असा माझा हिशेब होता. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण भाकरी तरी वाचता येईलच की.

दुसऱ्या दिवशी पाच भाकरी आल्या. मी दोन परत धाडल्या, तर पुढच्या खेपेला आणखी वाढल्या. मी हट्टाला पेटलो, आणि तिकडे आईही थापत राहिली. शेवटी भाकरी डब्यात मावेनात, म्हणून त्या फडक्यात बांधून वेगळ्या येऊ लागल्या.

खाजाभाई एकदा म्हणाले, “काय रं, ह्यो डबा येताना जड अन जातानाबी जड. भाकरीला फिरवून आणतो का काय मी?”

त्या फडक्यात लसणाचा ठेचाही असायचा. त्याचा वास भिंतीपलीकडे गेला आणि अलीम दारात येऊन उभा राहिला.

“व्हय, काय आहे रे आज?”

मला राग आला होता, पण तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत अलीम मांडी घालून बसलासुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याने आणखी दोघांना आणलं. जेवता जेवता तो मला केमिस्ट्रीतले इंग्रजी शब्द फोडून सांगायचा, आणि त्यालाही ते नीट येत नाहीत हे पाहून मला फार बरं वाटायचं. मी हसायलासुद्धा लागलो होतो. पण परतीच्या दोन भाकरी मात्र आधीच बाजूला काढून ठेवायचो. दुःख ते दुःख, त्यात खंड पडून कसं चालेल?

पोळ्याला गावी गेलो तो, घरच्यांनी विचारलं की म्हणायचं भाषण पाठ करूनच. एसटीतून उतरलो, तर शेजारच्या छबूबाई वाटेतच भेटल्या. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

“तुजी आई चांगुणा सांगत हुती समद्यांना. साखर सरली तर सोताच्या तोंडातली भाकर डब्यात ठिवतो, पर भांडं रिकामं धाडत न्हाई. असं वळण आताच्या पोरांत कुठं ऱ्हायलंय?”

घरी आल्यावर आईनेही तेच सांगितलं. “पोरगं एक भाकर उपाशी ऱ्हातंय, म्हनून म्या एक जास्त थापाया लागले. तर त्वा दोन ठिवल्या. लई गुनाचं हाय माजं पोर.” तिचे डोळे भरून आले होते. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

संध्याकाळी बैलांची मिरवणूक झाल्यावर वडील चुलीपाशी येऊन बसले. ते मोजकंच बोलायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “करमतं का रं तिथं?”

एवढ्या सगळ्या खटाटोपातून मला हाच प्रश्न हवा होता. भाषण तयार होतं. आई पुरणपोळी लाटत होती, तिचा हात थांबला. ‘नाही’ म्हटलं असतं तर त्या भाकरी कशामुळे परत आल्या हेही तिला तिथेच कळलं असतं, आणि गावभर सांगितलेलं तिचं ते गुणाचं पोर चुलीपुढेच संपलं असतं. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. तोंड उघडलं, आणि हजेरीला निघालं होतं तेच निघालं.

“व्हय.”

इथे कुणी हसलं नाही. आईचं लाटणं पुन्हा फिरू लागलं.

चार दिवसांनी पुरणपोळ्यांचं गाठोडं घेऊन नगरला उतरलो, तर अलीम माळीवाड्याच्या स्टँडवर येऊन थांबलेला. “तुझ्याशिवाय करमलं नाही रे, व्हय,” असं म्हणत त्याने माझ्या हातातलं गाठोडं घेतलं. तो हे मला म्हणाला की गाठोड्याला, ते मी त्याला अजून विचारलेलं नाही. श्रीरामपूरला मात्र मी गेलो नाही.