चूक चालवणाऱ्याची

आमच्या गाडीचं दुखणं गॅरेजचं दार दिसलं की पळून जायचं. घरी मात्र गाडी नुसती उभी असताना, एक्सलेटरवर कुणाचाही पाय नसताना इंजिन आपोआप रेस व्हायचं आणि तसंच बोंबलत राहायचं. बंद करून पुन्हा चालू केलं की एकदम गुणी बाळ. कधी दिवसातून दोनदा, तर कधी आठ-आठ दिवस काहीच नाही. मोडलेली वस्तू मी सहन करू शकते. मोडली आहे की नाही हेच धड न सांगणाऱ्या वस्तूचा मला भयंकर संताप येतो.

गाडी जुनी, वडिलांनी नोकरीत असताना घेतलेली. तरुणपणी ते लातूरकडून पिंपरीला आले आणि निवृत्त होईपर्यंत एकाच कंपनीत फिटर म्हणून राहिले. आता रहाटणीच्या फ्लॅटमध्ये त्यांच्याकडे एकच ड्यूटी उरली होती: आठवड्यातून तीनदा आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी चिंचवडला न्यायचं आणि परत आणायचं. ही ड्यूटी ते कंपनीतल्यासारखीच करायचे. इस्त्रीचा शर्ट घालून दहा मिनिटं आधी खाली हजर.

दिवाळी झाली आणि एक दिवस ते वर आले ते कपाळाला आठ्या घालूनच. म्हणाले, "गाडी आपोआप पळायलीय गं."

"दादा, पाय राहिला असेल एक्सलेटरवर," मी फोनमधून मान वर न काढता म्हणाले.

"पाय नव्हता. मी काय आज चालवायलोय का गाडी?"

मी तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात सुटे भाग तपासते. एखादा भाग खराब निघाला की तो का बिघडला, याचं कारण लिहून द्यावं लागतं. लोकांना सगळ्यात सोपं कारण म्हणजे 'ऑपरेटरची चूक'. तसं लिहिलेला कागद मी वाचतसुद्धा नाही, लाल शेरा मारून परत पाठवते. माणूस चुकला म्हणणं म्हणजे तपास न करणं, असं मी नव्या पोरांना ऐटीत सांगते. घरी मात्र पहिल्याच दिवशी मी तोच शेरा लिहून मोकळी झाले होते, आणि तोही कुणासमोर, तर जन्मभर मशीन दुरुस्त केलेल्या माणसासमोर.

तरी माझं कर्तव्य म्हणून गाडी काळेवाडीच्या मेकॅनिककडे नेली. तो तिथलाच, मूळ गावातला. त्याचा हात चांगला. त्याने अर्धा तास गाडी चालू ठेवली. गाडीने हूं की चूं केलं नाही. "ताई, गाडीत कायबी न्हाई," तो म्हणाला. "लई जुनी हाय, हवा आत जायची जागा घान झाली आसंल. साफ करून देतो." साफ करून दिली. चार दिवस बरे गेले, पाचव्या दिवशी वडील पुन्हा आठ्या घालून वर.

मग सेन्सर बदलला. मग एक रबरी नळी चिरलेली वाटली म्हणून तीही बदलली. मग एक्सलेटरची केबल बदलायला निघालो, पण ती चांगली निघाली. प्रत्येक वेळी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, गॅरेजच्या बाकड्यावर बसायचं, आणि गाडीने तिथे अशी शांत गुरगुर करायची की ऐकणाऱ्याला झोप यावी. आमच्या गाडीला रेस दाखवणारा काटा नाही. आईला गाडीचे सगळे आवाज सारखेच. त्यामुळे पुरावा एकच, वडिलांचे कान. आणि त्या कानांवर माझा विश्वास दर फेरीला थोडा कमी होत होता. "दादा, तुम्ही सोबत असलात की होतं, मी नेली की होत नाही. मग काय समजायचं माणसाने?" एकदा मी वैतागून विचारलंच.

नंतर ते पार्किंगचं झालं. वडील गाडी जागेवरून बाहेर काढत होते. पहिला गिअर टाकून क्लच हळूच सोडला, तशी गाडी सरकायच्या ऐवजी उसळली. त्यांनी ब्रेक दाबला, पण तोवर वॉचमनची खुर्ची आणि दोन कुंड्या भिंतीत चेपल्या होत्या. वॉचमन तेवढ्यापुरता चहाला उठला होता. तो कप हातात घेऊन आला आणि आपल्या खुर्चीकडे बघत उभा राहिला. सोसायटीतले चार जण जमले. त्यातला एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला, "वय झालं आता त्यांचं. तुम्ही घरच्यांनीच बघायला पाहिजे ना." मी मान हलवली. वडील तीन पावलांवर उभे होते, त्यांनी ऐकलं.

त्याच संध्याकाळी मी किल्ली मागून घेतली. त्यांनी वाद घातला नाही. आईने ती तांदळाच्या डब्यात टाकली, जणू घरात चोर होता. आई रिक्षाने जायला लागली. इस्त्रीचा शर्ट खुंटीवर राहिला. मी गाडी विकायचं ठरवलं, आणि येत्या गुरुवारी, म्हणजे आमच्या कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, बघायला येतो म्हणून एका गिऱ्हाइकाने सांगितलं.

त्या दिवसांत वडील गॅलरीत बसून एक विचित्र प्रकार करायचे. समोर दोन विटा ठेवलेल्या. उजवा पाय या विटेवरून त्या विटेवर, त्या विटेवरून पुन्हा या विटेवर. मधेच डोळे मिटून. आईच्या गुडघ्याचे व्यायाम बघून यांनीही काही सुरू केलं असेल, असं मला वाटलं. "चांगलंय दादा, करत जा रोज," असंही मी म्हणाले. हे आठवलं की आजही मला स्वतःची लाज वाटते.

गुरुवारी गिऱ्हाइकासमोर गाडी एका झटक्यात चालू व्हावी म्हणून तीन-चार दिवस मी ती कामावर नेऊ लागले. मंगळवारी सकाळी तळवड्याच्या रस्त्यावर, कंपन्यांच्या बसांच्या मागे अडकलेले असताना, इंजिन एकदम किंचाळलं. आणि पहिली गोष्ट मी काय केली असेन? खाली वाकून माझा पाय कुठे आहे ते बघितलं. पाय ब्रेकवर होता.

माझा हात किल्लीकडे गेला होता, तो मी आवरला. बंद केली की दुखणं पळणार, हे तर ठरलेलंच. वडिलांचं एक पेटंट वाक्य होतं: आवाज येतोय तवाच बघायचं, गप झाल्यावर मशीनही खोटं बोलतंय. इतके महिने दर वेळी गाडी बंद करून पुरावाच पुसला जात होता. मी ती तशीच बोंबलत ठेवून कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि बॉनेट उघडलं. मागून हॉर्न आणि शिव्या. येऊ देत.

एक्सलेटरची केबल आत जिथे संपते तिथे एक छोटी पट्टी असते. पाय काढला की ती मागे येऊन एका स्क्रूला टेकते, मग इंजिन शांत होतं. ती टेकली नव्हती. मधे लाल काहीतरी चेपून बसलं होतं. मी पेनाने ते ओढलं. इंजिनचा आवाज झपकन खाली आला. दोऱ्याचं टोक होतं, तेलाने काळवंडलेलं, पिंजलेलं, आणि त्याला झेंडूचा एक वाळका देठ अजून चिकटलेला.

पूजेचा दोरा. खंडेनवमीचा. आमच्या कारखान्यात त्या दिवशी प्रत्येक मशीनला झेंडू बांधतात. उरलेला एक हार मी घरी आणला होता आणि म्हटलं, लोक बंपरला बांधतात, आपण खऱ्या मशीनला बांधू. बॉनेट उघडून, केबलच्या क्लिपला, चांगली पक्की गाठ मारून. फुलं सुकली तेव्हा ती मीच तोडून टाकली. दोरा राहिला. राहू दे म्हटलं, पूजेचा आहे. म्हणजे काखेत कळसा, आणि गावाला वळसा घालून दमलेली मी.

खात्री करायची माझी सवय. दोरा पुन्हा तिथे सोडून रेस वाढवली, सोडली. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा टोक आत ओढलं गेलं आणि इंजिन किंचाळलं. बंद केलं तेव्हा इंजिनच्या हिसक्याने तेच टोक सुटून बाहेर आलं. मी तिथूनच मेकॅनिकला फोन लावला. "तुम्हाला तो लाल दोरा कधी दिसला नाही का हो?"

"दिसला की," तो म्हणाला. "दर टायमाला दिसला. पन पूजेचा हाय म्हनून हात न्हाई लावला. नमस्कार करून बाजूला सारायचो."

त्याला काय बोलणार? मीही तेच केलं असतं.

मी दोऱ्याची गाठ सोडवली आणि गाडी वळवून घरी आले. कामावर येत नाही असा निरोप टाकला, कारण लिहिलं नाही. वडील गॅलरीत होते. मी दोरा त्यांच्या तळहातावर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून तो उलटसुलट बघितला.

"क्लिपला बांधला व्हता?"

"हो."

"कुणी?"

"मी."

मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटेल. सुटायला हवा होता, मला तो हवाच होता. पण त्यांनी त्या विटांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मला वाटलं, माझा पायच माझं ऐकंना. रोज बघायलो इथं बसून, ही वीट ब्रेक, ती एक्सलेटर, कुठं चुकतोय म्हणून. चुकतच नव्हता. तरीबी वाटायचंच."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. आईने तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून किल्ली शोधली आणि मग तिला आठवलं की किल्ली माझ्याकडेच आहे. गिऱ्हाइकाला मी फोनवर नाही म्हणून सांगितलं. सोसायटीतल्या त्या सल्लागाराला जिन्यात गाठून दोराही दाखवला, त्याला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी चिंचवडची पाळी होती. दहा मिनिटं आधी, इस्त्रीच्या शर्टात वडील खाली. गाडी त्यानंतर एकदाही बोंबलली नाही. पण त्या दिवशी किल्ली फिरवण्याआधी त्यांनी खाली वाकून आपला उजवा पाय कुठे आहे ते बघितलं. अजूनही, दर वेळी, बघतात.