आघाडा म्हणून दिलेली मुळी

हे मी कुणाजवळ बोललो नाही. भावाजवळ नाही, देवापुढं नाही, दारू प्यायलो तेव्हाही नाही. अनसाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगायची गरज पडली नाही — का, ते पुढं येईल. ती जाऊन आठ महिने झाले. भाकरी मीच थापतो आता, जाड होते. चौथी शिकलेला माणूस मी, लिहायला हात अवघडतो. पण तुम्ही समोर बसला असता तर मी विषय बदलला असता. पन्नास वर्षं बदललाच की.

अनसाचं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं. पाल्यामुळीची माहिती तिला आईकडून आली. आमच्याकडं पाथर्डीच्या बाजूला मधमाशी चावली की माणसं नुसती नाचायची. ही नखानं काटा खरवडून काढायची आणि ओला चुना लावायची. गांधीलमाशीला कांदा चोळायची. आणि विंचू उतरवावा तर हिनंच. आघाड्याची मुळी सहाणेवर उगाळून लावायची, मग तीच मुळी वरून खाली फिरवत राहायची, कळ उतरेपर्यंत. त्याचे नेम होते. मुळी दिवस उगवायच्या आत उकरायची, न बोलता, लोखंड न लावता. ज्याचा विंचू उतरवला त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आणि विटाळातल्या बाईनं मुळीला शिवायचं नाही, शिवली तर गुण जातो. हा जो शेवटचा नेम — त्याचाच मी तिला फास केला.

बहात्तरचा दुष्काळ पडला. पुढच्या उन्हाळ्यात सगळं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला. दगड उलथला की खाली विंचू. दिवसाला एकजण तरी ओरडत उठायचा, आणि हाक अनसालाच. मुकादम म्हणायचा, "अनसाबाईला बघून विंचूच नांगी खाली घालतोय." मग माझ्याकडं वळून, "आलं बाईचं मालक. तुमाला काय येतंय का नुसतं जेवता?" माणसं हसायची. मीही हसायचो. आत मात्र जळायचं. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं, ते सांगतो.

मुळ्या संपत आल्या तेव्हा तिनं मला पाठवलं. "पडक्या हिरीपाशी अजून हिरवा आघाडा हाय. दोन मुळ्या आना. पर झुंजुमुंजू व्हायच्या आत जावा." विहीर दीड कोस. मी निघालोच उन्हं वर आल्यावर. अर्ध्या वाटेत टँकरचं पाणी सांडायचं तिथं काटेमाठ उगवला होता. पाला खुडून टाकला की मुळी काय, मुळीसारखीच दिसते. खुरप्यानं उकरली आणि फडक्यात बांधून आणून दिली.

"हिरीपाशी गेल्ता नव्हं?" तिनं विचारलं.

"मग काय तुझ्या बापाकडं गेल्तो?"



तिसऱ्या दिवशी भामाला विंचू चावला. भामा म्हणजे शेजारच्या तात्यांची सून, सतरा-अठरा वर्षांची पोर. लाल विंचू, बोटभरही नाही. अनसा धावली. मुळी उगाळली, लावली, फिरवली. एरवी माणूस थोड्या वेळानं उठून बसायचं. भामाला घाम फुटला, ओकाऱ्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. अनसा मुळीकडं बघायची, मग माझ्याकडं बघायची. आणि मी काय करत होतो? खडीची पाटी भरत होतो. खडीचा ट्रक तिथंच उभा होता. मुळी आघाड्याची नाही, पोरीला दवाखान्यात न्या — एवढं बोलायला किती वेळ लागतो? शेवटी अनसाच म्हणाली, "उतरत न्हाई. नगरला न्या हिला." नगरच्या अलीकडचं भिंगार यायच्या आत भामा गेली.

पुढं एका डॉक्टरनं मला सांगितलं, लाल विंचू कुठल्याच मुळीनं उतरत नसतो. असेल. पण माझी मुळी खोटी आहे हे मला ठाऊक होतं, आणि ट्रक डोळ्यांसमोर उभा होता.

दिवस मावळायला तात्या आमच्या दारात आले. मागं चार बाया. तात्या रडत नव्हते. एवढंच विचारलं, "मुळी कुनी आनली हुती?"

इथवर आलो की पेन अडतं. तरी लिहितो. मी म्हणालो, "मुळी चांगलीच हुती, तात्या. हिला इटाळ हुता. तशीच शिवली मुळीला."

भीतीनं बोललो? भीती होतीच. पण मुकादमाचं ते हसणंही त्यात होतं. अनसा चुलीपुढं होती. तिनं वळून माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. सगळ्यांच्या देखत मान खाली घातली — म्हणजे कबूलच केलं.

सकाळी तिनं उरलेली मुळी दाताखाली धरली, थुंकली, आणि चुलीत टाकली. आघाड्याची चव ती ओळखायची. म्हणून म्हटलं, तिला सांगायची गरज पडली नाही.

त्यानंतर विंचवासाठी आमच्या दारी कुणी आलं नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. ती वाटेत दिसली की तात्यांच्या घरच्या बाया पोरं मागं ओढायच्या. आणि महिन्याभरानं मला कळलं, की अनसाला दिवस गेलेत. चैत्रात भामा गेली तेव्हाच दोन महिने झाले होते. आधीची दोन टिकली नव्हती, म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कळतंय ना तुम्हाला? विटाळ नव्हताच. एक शब्द बोलली असती तर सगळ्या गावात मी खोटा पडलो असतो.

दिवाळीच्या सुमाराला मुलगी झाली. चांगली भरलेली, जावळ घेऊन आलेली. माझी चुलती गोदाकाकू आत होती. तिनं बोटांवर महिने मोजले.

"अगं अनसे, चैतात तू बाजूला हुतीस नव्हं? मग ह्ये कसं?"

"सातव्यातच झाली, काकू."

"ही सातमाशी? माझ्या शेळीच्या करडापरीस भारी हाय की."

"कामावरची सुकडी खाल्ली न्हवं दुष्काळात," अनसा म्हणाली. आतल्या बाया हसल्या. मी दाराबाहेर उभा राहून ऐकलं, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लाज नाही वाटली तेव्हा — सुटल्यासारखं वाटलं. लाज पुढं आली, हळूहळू. माझ्या लेकीला गाव अजून सातमाशी म्हणतं.

एकदा मला गांधीलमाशी चावली, कान सुजला. अनसानं कांदा चिरून माझ्यापुढं ठेवला आणि बाजूला झाली. चोळला नाही. कुणालाच कधी काही लावलं नाही तिनं, भामानंतर.

अनसाच्या दहाव्याला भामाची नणंद आली होती, आता म्हातारी झालेली. माझ्याजवळ बसली. म्हणाली, "बाई गुनाची हुती. येक चूक झाली तिच्याकडनं. पर तुमी मोठ्या मनाचं, दादा. दुसऱ्यानं माहेरी धाडली असती. तुमी पदरात घेतली."

लेक शेजारीच होती. माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "हुतं मानसाकडनं."