चिंचेनं घासलेली देवी

भिजलेल्या चिंचेचा वास नाकाआधी दातांना लागतो. सौदीतल्या तबूककडच्या वाळवंटात, जुने अवशेष शोधणाऱ्या खोदकामवाल्यांच्या स्वैपाकाच्या तंबूत मी आमटीसाठी चिंच कोळत होतो, बाहेरचं ऊन तापल्या तेलासारखं थरथरत होतं, आणि नूरा धावत आली. नूरा म्हणजे रियाधची पोरगी, खोदकाम शिकायला आलेली, हिंदी आम्हा कामगारांकडून उचललेली, मला मात्र अरबीत अम्मो, म्हणजे काका, म्हणणारी.

"अम्मो, मेरा पहला!"

खोदताना तिला सापडलेली पहिली वस्तू: तळहातावर हिरवंगार पडलेलं काशाचं नाणं. रोमन आहे म्हणाली. एका बाजूला राजाचं नाक, दुसरीकडे उभी देवी, पायघोळ वस्त्राची, समोर तुळशीवृंदावनासारखं काहीतरी. ते माझ्या हातात ठेवून ती फोटोसाठी मोबाईल आणायला पळाली.

आता माझी अक्कल बघा. फोटोआधी लेकराचं तोंड पुसावं, तसं मला वाटलं. घरी दिवाळीला पितळेचे देव घासायचं काम माझंच, दुसरं काही माझ्यावर सोपवायची कुणाची छाती नव्हती म्हणून. इथं आल्यापासून देवाला हात लागला नव्हता. चिंच घेतली, मीठ घेतलं, तारेची घासणी घेतली, आणि त्या परमुलखातल्या बाईला आंघोळ घालताना मी चक्क गुणगुणत होतो.

हिरवा थर निघाला, त्याच्यासोबत देवीही निघाली. ती त्या थरातच तेवढी उरली होती. माझ्या हातात राहिली एक चकचकीत टिकली.

नूरानं बघितलं. ओरडली असती तर दोन विनोद करून निभावलं असतं. ती नुसती खाली बसली, कांद्याच्या पोत्याला टेकून. मग म्हणाली, "अम्मो, तुमने ठीक से देखा था. बोलो, क्या था?"

मी सांगत गेलो, ती मोबाईलवर लिहीत गेली. उभी बाई. एका हातात ताटली. समोर वेदी, वर ज्वाळा.

"दूसरे हाथ में?"

"कमल."

ती लिहायला लागली तसा मी चिंचेचा हात आडवा केला. "रुको बेटी, कमल मत लिखो. वो हमारे घर की देवी का है."

"तो इसका क्या था?"

जन्मभर थापा मारून माणसं हसवली, आणि आता एका देवीचा अख्खा हात माझ्या शब्दावर लटकला होता. डोळे मिटले तर आमचीच लक्ष्मी दिसायची. "मालूम नहीं," म्हणालो. तिनं तेवढी जागा रिकामी सोडली.

"और आग? आग तो पक्का थी ना?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात ती ज्वाळा आमच्या तुळशीपुढच्या पणतीसारखी दिसायला लागली. बाहेर वारा वाळू चाळत होता. खरं बोलायला एवढं आठवावं लागतं, हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.