फस्ट क्लासची गाडी

आंबेनळीच्या पायथ्याला आमचं घर. घरात सायकलसुद्धा नव्हती; बाबा तांदळाची पोती डोक्यावरून बाजाराला न्यायचे. मी घराण्यातला पहिला पदवीधर. महाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, दोन वर्षं पगार साठवला आणि मी एक जुनी मोटरसायकल घेऊन आलो: शर्यतीच्या गाडीसारखी रंगवलेली, कंपनीनं मोजक्याच काढलेल्या गाड्यांतली.

बाबांनी तिचं मूळ बिल वाचलं. "नवी होती तवा दीड लाख. तू कितीला घेतलीस?"

"अडीच."

"म्हातारी म्हैस दुभत्या म्हशीपेक्षा जास्त देऊन कोण घेतो रे? शिकून येडा झालास. उद्या परत दे."

मी घाईघाईनं टाकीवरची पट्टी दाखवली: 312/500. पाचशे गाड्यांतली ही तीनशे बारावी, असं सांगणार तोच बाबांचा चेहरा खुलला.

"पाचशात तीनशे बारा? फस्ट क्लास हाय की! आदी सांगायचं ना. तुला कॉलेजात एवढे नाय पडले."

नव्हतेच पडले. मी रुमालानं पट्टी पुसून चकचकीत केली. बाबा शेजाऱ्यांना बोलवायला गेले.

आज पडवीत तशा चार गाड्या आहेत. चारही माझ्या पगारातल्या, आणि चारही चालू.